घाम आला, पण वाळला का?

मे महिना. शाळेला सुट्टी. समजा, तुम्ही दादरला राहता आणि तुमचा मावसभाऊ नागपूरहून सुट्टीला आलाय. आल्या आल्या तो मोबाईलवर इथलं तापमान बघतो आणि हसायलाच लागतो. "फक्त ३३? आमच्याकडे ४३ आहे बे! याला का उन्हाळा म्हणतात?"

संध्याकाळी आजोबा नेहमीप्रमाणे शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला निघतात. तुम्ही दोघंही त्यांच्यासोबत. शिवाजी पार्कची एक फेरी म्हणजे एक किलोमीटरहून थोडी जास्त. पहिली फेरी गप्पा मारत मजेत होते. दुसऱ्या फेरीत भावाचा टीशर्ट पाठीला चिकटतो. तिसरी पुरी व्हायच्या आत त्याने कट्ट्यावर बसकण मारलेली असते. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरून डोळे चुरचुरताहेत, हनुवटीवरून थेंब टपटप गळताहेत आणि तो धापा टाकत विचारतो, "काहून बे इतका घाम येऊन राहिला? घरी तर मी दुपारीसुद्धा क्रिकेट खेळतो!"

प्रश्न अगदी रास्त आहे. तब्बल १० अंश कमी तापमानाच्या गावात येऊन त्याचा जीव जास्त का घाबरा व्हावा?

गंमत अशी की घाम त्याला नागपुरातही येतच होता, आणि भरपूर येत होता. फक्त तो दिसत नव्हता, कारण कातडीवर आला रे आला की वाळून जात होता. दादरला तो वाळत नाही, साचतो, मग गळतो. आणि आपलं अंग थंड होतं ते घाम वाळताना. नुसता घाम येऊन अंग जराही थंड होत नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवलीत की उन्हाळ्यातल्या चालण्याबद्दलची बाकी सगळी कोडी तुमची तुम्हीच सोडवाल.

आधी हे बघू, की चालताना एवढी उष्णता येते तरी कुठून? आपण पोळी-भाजी खातो, स्नायू तिच्यातली ऊर्जा वापरतात. पण स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ६० किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटरच्या चालीने चालला, तर त्याच्या अंगात साधारण २५० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे दर सेकंदाला २५० ज्यूल. नुसतं खुर्चीत बसलं असताना होते तिच्या अडीच पट.

आता वहीत गणित मांडा. तासात ३६०० सेकंद. २५० गुणिले ३६०० म्हणजे ९ लाख ज्यूल. माणसाच्या अंगाचा एक किलो भाग एका अंशाने तापवायला साधारण ३५०० ज्यूल लागतात, म्हणजे ६० किलोंना २ लाख १० हजार. भागाकार केला की उत्तर येतं ४ अंशांहून थोडं जास्त. याचा अर्थ, ही उष्णता अंगातच कोंडून राहिली, तर ३७ अंशांवरून निघालेला माणूस तासाभराच्या साध्या चालण्यानंतर ४१ अंशांच्या वर पोचेल! ४० च्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडायला लागतं. पळणं नाही, डोंगर चढणं नाही, नुसती संध्याकाळची फेरी, आणि तीही सावलीतून.

पण आजोबा तर रोज चालतात आणि घरी येऊन मजेत चहा पितात. म्हणजे उष्णता बाहेर जातेच. कशी?

थंडीच्या दिवसांत ती सहज जाते. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं आणि बाहेरची हवा २० अंशांवर असली, की उष्णता आपोआप अंगातून हवेत वाहते. मेमध्ये हवाच ३३ वर आली, की ही वाट जवळजवळ बंद होते. नागपूरच्या ४३ अंशांत तर उलटंच होतं, बाहेरच्या हवेतली उष्णता अंगात शिरायला लागते. अशा वेळी शरीराकडे एकच मोठी वाट उरते: घाम.

हा घाम येतो कसा ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर एक चांगलं भिंग घ्या. चार जिने भराभर चढून या आणि तर्जनीचं टोक भिंगाखाली धरा. बोटाच्या ठशाच्या उंच रेघा दिसतील ना? त्या उंचवट्यांवर ओळीने बारीक बारीक चमकते ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एका घामग्रंथीचं तोंड आणि त्यातून नुकताच वर आलेला घाम. बोट पुसा, थोडं थांबा, पुन्हा बघा. ठिपके पुन्हा त्याच जागी! आपल्या अंगावर अशा २० ते ४० लाख घामग्रंथी असतात, आणि तळहात-तळपायांवर त्यांची सगळ्यांत जास्त दाटी असते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. रक्त तापलंय हे त्याला कळलं, की तो या ग्रंथींना हुकूम सोडतो.

घाम कातडीवर आला, पुढे काय? पाण्याचे कण सतत धडपडत असतात, काही सावकाश, काही जोरात. ज्यांचा जोर सगळ्यांत जास्त ते पाणी सोडून हवेत उडतात आणि जाताना आपली ऊर्जा सोबत नेतात. मागे राहतात ते सावकाश कण, म्हणजे थंड पाणी. एक लिटर घाम असा पूर्ण वाळला, तर तो अंगातली जवळजवळ २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. आपल्या गणितात तासाभराच्या चालण्यात किती उष्णता तयार झाली होती? ९ लाख. म्हणजे ४०० मिलिलिटरही घाम लागत नाही! दोन पेले घाम वाळला की तासाभराच्या चालण्याची सगळी उष्णता अंगाबाहेर.

अट एकच. तो अंगावर वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकून कट्ट्यावर पडला आणि तिथे वाळला, तर थंड होईल तो कट्टा. आपण नाही.

दादरला तो वाळत का नाही? कारण हवेत आधीच पाण्याची वाफ खच्चून भरलेली असते. पलीकडे अरबी समुद्र आहे, मेमध्ये त्याचं वरचं पाणी चांगलं कोमट असतं आणि दिवसरात्र त्याची वाफ होत असते. तुमच्या कातडीवरून कण उडत असतात, तसेच बरेच कण हवेतून परत येऊन कातडीवर बसत असतात. वजाबाकी केली तर हातात थोडंच उरतं. रत्नागिरी असो, वेंगुर्ला असो की पणजी, सगळ्या किनाऱ्याची हीच कथा. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथली मेची हवा इतकी कोरडी, की परत फिरणारे कण बरेच कमी.

हे खरं की खोटं हे तपासायला घरातला माठ पुरेसा आहे. माठातलं पाणी मातीतून झिरपून बाहेर येतं, वाळतं आणि आतलं पाणी गार करतं. घाम आणि माठ यांचं शास्त्र एकच. मुंबईतल्या मंडळींना विचारा, मेमध्ये माठातलं पाणी किती गार होतं? जेमतेम. आणि नागपूर-अकोल्याकडे? दातांना झिणझिण्या येतील असं! तिकडे घरोघरी खिडकीला मोठा कूलर बसवलेला असतो, त्याच्या जाळ्यांत लाकडाचं भुसकट किंवा वाळा भरलेला असतो आणि वरून पाणी ठिबकत असतं. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. मुंबईत असा कूलर लावला तर काय होईल? खोली गार व्हायच्या ऐवजी आणखी दमट होईल आणि घरचे पाच मिनिटांत तो बंद करायला लावतील.

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या उपकरणाबद्दल सांगते. हवामान खात्याच्या वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपा असलेली एक लाकडी पेटी चार पायांवर उभी असते. तिला म्हणतात स्टीव्हन्सन पेटी. ती तयार केली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनीयरने. आणि 'ट्रेझर आयलंड' ही खजिन्याच्या बेटाची गोष्ट लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचेच चिरंजीव! या पेटीत तापमापक असतात. त्यातला एक साधा, कोरडा. दुसऱ्याच्या खालच्या गोळ्यावर मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. फडक्यातलं पाणी वाळतं, म्हणून हा दुसरा तापमापक नेहमी कमी आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका तो खाली. याला ओल्या गोळ्याचं तापमान म्हणतात. घामाने भिजलेल्या अंगाला ही हवा कितपत थंड करू शकेल, ते हा तापमापक सांगतो. आपल्या देशातली अशी हवामानाची उपकरणं देशातच आणि एका मापाची बनावीत म्हणून अ‍ॅना मणी या शास्त्रज्ञ बाई झटल्या. १९४८ साली त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या आणि त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले.

तर या ओल्या तापमापकाला आपला वाद सोडवू द्या. नागपूर: हवा ४३ अंश, आर्द्रता २० टक्के. ओला तापमापक दाखवेल साधारण २५. मुंबई: हवा ३३ अंश, आर्द्रता ६८ टक्के. ओला तापमापक दाखवेल साधारण २८. बघितलंत? कोरड्या तापमापकात नागपूर १० अंशांनी पुढे, ओल्यात मुंबई ३ अंशांनी पुढे. घामाच्या दृष्टीने मुंबईच जास्त तापलेली आहे!

पण म्हणून नागपूरच्या उन्हात खुशाल हिंडावं असं मुळीच नाही हं. तिथे बाहेरची हवाच अंगात उष्णता ओतत असते, डोक्यावर ऊन असतं, आणि घाम दिसत नसल्यामुळे किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. ऊन लागतं ते असं. मावसभावाचं दुपारचं क्रिकेट मला अजिबात पसंत नाही, आणि त्याच्या आईलाही नसणार.

हा ओला तापमापक तुम्ही घरीसुद्धा बनवू शकता. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा तापमापक मागून घ्या. ताप बघायचा घेऊ नका, त्याचा इथे उपयोग नाही. सावलीत पाच मिनिटं धरून आकडा लिहा. मग त्याच्या खालच्या टोकाला पातळ सुती कापड गुंडाळा, घरात ठेवलेल्या साध्या पाण्यात भिजवा, फ्रीजच्या नको, आणि वहीने जोरजोरात वारा घाला. आकडा खाली सरकायला लागेल. सरकायचा थांबला की लिहून घ्या. हा ओला आकडा जितका कमी, तितकी हवा तुमचा घाम वाळवायला तयार. तो २८ च्या आसपास किंवा वर असेल, तर आज फेऱ्या कमी.

घाम वाळवून थंड होण्याची माणसाच्या अंगाची ही करामत किती जबरदस्त आहे, हे नीट मोजलं गेलं १७७४ साली, लंडनमध्ये. डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या मुद्दाम तापवल्या होत्या आणि चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे तरुण डॉक्टर मित्रांना घेऊन त्यांत शिरले. सर्वांत तापलेल्या वेळी खोलीतली हवा होती १२५ अंशांच्याही वर. पाणी उकळतं १०० ला, हे आठवतंय ना? ब्लॅग्डेन त्या खोलीत आठ मिनिटं उभे राहिले. त्याच खोलीत पत्र्याच्या ताटलीवर ठेवलेली अंडी २० मिनिटांत भाजून घट्ट झाली आणि मांसाचा तुकडा चक्क शिजला! एक कुत्रीही त्यांनी आत नेली होती. तापलेल्या फरशीने तिचे पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत बसवलं होतं. जीभ बाहेर काढून ती धापा टाकत राहिली आणि सुखरूप बाहेर आली.

आता ऐका त्यांचा सगळ्यांत हुशार प्रयोग. खोलीत त्यांनी पाण्याचं भांडं ठेवलं. हवा १२५ अंशांच्या वर, तरी पाणी काही केल्या उकळेना. साधारण ६० अंशांवर जाऊन ते थांबलं. मग त्यांनी त्यात थोडंसं तेल टाकलं. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला, वाफ होणं थांबलं आणि थोड्या वेळाने तेच पाणी खळखळ उकळायला लागलं! वाफ होत होती तोवर पाणी स्वतःला थंड ठेवत होतं. वाट बंद केली आणि ते तापलं. माणसाचंही तसंच. फोर्डाइस यांनी उकळतं पाणी ओतून दमट केलेल्या खोल्यांतही उभं राहून बघितलं होतं. तिथे हवा होती फक्त ५० अंशांच्या आसपास. पण त्यांच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या आणि अंगाचं तापमानही चढलं. कोरडी १२५ ची खोली सोसली, दमट ५० ची जड गेली. (हे प्रयोग मोठ्या डॉक्टरांनी केले होते. तुम्ही न्हाणीघर बंद करून गरम पाणी सोडून बसायचं नाही, सांगून ठेवते.)

पुढे १९०५ साली जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी खाणींमध्ये आणि गरम स्नानगृहांमध्ये जाऊन स्वतःच्याच अंगावर मोजमापं घेतली. माणसाला किती उकाडा सोसवेल हे साध्या तापमापकावरून कळत नाही, ओल्या तापमापकावरून कळतं, हे त्यांनी दाखवून दिलं. वारा नसेल आणि ओला तापमापक ३१ च्या वर गेला, तर नुसत्या बसलेल्या माणसाचंही अंग तापू लागतं, असं त्यांना आढळलं. काम करणाऱ्यासाठी ही मर्यादा आणखी खाली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, धडधाकट माणसांना दमट खोलीत हलकं काम करायला लावून पुन्हा मोजलं. आकडा आला ३१ च्या आसपास. शंभराहून जास्त वर्षं मध्ये गेली, उपकरणं बदलली, पण माणसाचं अंग तेच.

घाम येण्याच्या बाबतीत माणूस प्राण्यांमध्ये फार पुढे आहे, बरं का. घोड्याला भरपूर घाम येतो, पण कुत्र्याचं काम जिभेवर आणि धापांवर चालतं. म्हशीला घामग्रंथी कमी, म्हणून ती सरळ डबक्यात जाऊन बसते. कावळा चोच उघडून धापा टाकत बसतो, दुपारी गच्चीवर बघा. आणि करकोचे काय करतात माहितीये? स्वतःच्याच पायांवर पातळ शी करतात! ती वाळते आणि पायांतलं रक्त गार होतं. शी म्हणून नाक मुरडू नका, शास्त्र तेच आहे.

मग किनाऱ्यावरच्या माणसाने उन्हाळ्यात चालायचंच नाही का? चालायचं! आजोबांच्या हृदयाला, गुडघ्यांना, झोपेला चालणं हवंच, आणि तुम्हालाही. फक्त हवेचं मन ओळखून चालायचं.

त्यात पहिला मान वाऱ्याचा. अंगावर घाम असला, की कातडीलगतची हवा वाफेने भरून जाते आणि तिथेच घुटमळते. वाऱ्याची झुळूक आली की ती भरलेली हवा निघून जाते, तिच्या जागी नवी येते आणि घाम पुन्हा वाळायला लागतो. म्हणून बंद गल्लीतल्या दोन फेऱ्यांपेक्षा मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या कडेने चार फेऱ्या सोप्या जातात. पान हलत नसेल, अशा दिवशी मी म्हणेन, फेरी अर्धीच करा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि इथे एक कोडं आहे. बातम्यांमध्ये सांगतात, "सकाळी आर्द्रता ८० टक्के, दुपारी ६५ टक्के." मग दुपारी चालावं का? छे! ही टक्केवारी मोठी फसवी आहे. तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते, थंड हवेत कमी. हवेतली वाफ दिवसभर जवळजवळ तेवढीच असते, सकाळी हवा थंड असल्यामुळे टक्केवारी मोठी दिसते एवढंच. ओल्या तापमापकाला विचारा. सकाळी हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो दाखवतो साधारण २५, दुपारच्या २८ पेक्षा बराच कमी. शिवाय ऊन नाही. आजी पहाटे पहाटे चपला घालून निघते, ते शास्त्राला धरूनच आहे. आषाढी वारीतही दिंड्या भल्या पहाटे वाटेला लागतात आणि मध्ये मध्ये विसावे घेतात. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा लांबलचक टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि जून-जुलैची दमट हवा. विसाव्याच्या वेळात अंगातली साठलेली उष्णता निघून जाते आणि मगच पुढची चाल सुरू होते. आपल्या फेऱ्यांनाही विसावा हवा.

तिसरी गोष्ट मला खरोखर अचंब्याची वाटते. शरीर हे सगळं शिकतं! उकाड्यात रोज थोडं थोडं चाललं, की आठवडा-दोन आठवड्यांत अंगात बदल होतात. घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण घामग्रंथी ते वाटेतच परत शोषून घ्यायला लागतात. रक्तातलं पाणीही वाढतं, त्यामुळे हृदयाला धावपळ कमी पडते. म्हणून मार्च संपताना दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि हळूहळू वाढवावी. पहिल्याच दिवशी तासभर चालण्याचा पराक्रम नको. आणि मुलांनो, तुमच्या एकेका घामग्रंथीतून मोठ्या माणसांपेक्षा कमी घाम येतो, तेव्हा कोणाशी शर्यत लावू नका.

कपडे सैल, सुती, फिक्या रंगाचे, म्हणजे आतून हवा खेळेल. घाम टपकत असेल तर खुशाल पुसा, पण कातडीवर आलेला पातळसा ओलावा सारखा सारखा रुमालाने टिपू नका. तो वाळला असता तर तुम्हाला थंड करून गेला असता. निघण्याआधी पाणी, आल्यावर पाणी. बराच वेळ चालून खूप घाम गेला असेल तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबाचं सरबत, कोकम सरबत किंवा कैरीचं पन्हं. घामातून मीठही जातं आणि आपल्या आज्या-पणज्यांनी सरबतात ते घालून ठेवलंच आहे.

चालताना कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, पोटरीत गोळे आले, तर तिथल्या तिथे थांबायचं. सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं, वारा घालायचा. आणि कोणी असंबद्ध बोलू लागलं, नीट उभं राहता येईना किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा तोंडात पाणी ओतायचं नाही. मोठ्या माणसांना हाक मारायची, १०८ ला फोन करायला सांगायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी टाकून जोरजोरात वारा घालत राहायचं.

एक काम खास तुमच्यासाठी राखून ठेवलंय. वय वाढलं की तहान लागल्याचं उशिरा कळतं. आजी-आजोबांना पाणी कमी पडलेलं असतं आणि तरीही ते म्हणतात, "नको रे, मला तहान नाही." म्हणून या उन्हाळ्यात त्यांच्यासोबत चालायला जा, पाण्याची बाटली तुमच्या खांद्याला अडकवा आणि प्रत्येक फेरीनंतर "पाणी हवं का?" असं विचारत बसू नका. झाकण उघडून बाटली सरळ त्यांच्या हातात द्या.